स्मार्ट प्लग लावूनही गिझरचं बिल कमी होत नाही? या चुका टाळा

दिवाळी उलटली की नाशिकचा गारठा वाढतो. निफाडकडे पारा एक आकडी झाला की इथल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही हाताला बोचायला लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या बिलात गिझर दिसतो. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्मार्ट प्लग आणतं, ॲपमध्ये वेळ लावतं आणि दोन महिन्यांनी बिल बघून म्हणतं, "फरक तर काहीच नाही."

आधी थोडा हिशेब मांडू. २० अंशांच्या पाण्यापासून ४० अंशांची २० लिटरची बादली भरायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. ही वीज कुठलंही ॲप वाचवू शकत नाही. ऑटोमेशन वाचवतं ते फक्त तापवलेलं आणि कुणी न वापरता गार झालेलं पाणी. ज्या घरात बटण दाबून अर्ध्या तासात अंघोळी उरकतात आणि बटण लगेच बंद होतं, तिथे प्लग घेण्यात अर्थ नाही. तो स्वतःही थोडी वीज खातोच. पाचला लावलेला गिझर ज्यांना नऊला ऑफिसात पोचल्यावर आठवतो, त्यांच्यासाठी मात्र ही वस्तू खरोखर कामाची आहे. भिंतीवरचा तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर विषयच संपला. त्यात पाणी फारसं साठून राहतच नाही.

वेळ अंदाजाने लावू नका

सर्वांत जास्त वीज इथे जाते. पहाटे ५ ते ८ अशी ऐसपैस वेळ लावली जाते. गिझर पाणी तापवतो, ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट त्याला बंद करतो, पाणी थोडं निवलं की पुन्हा सुरू करतो, आणि अंघोळी सातपर्यंत झाल्या तरी आठपर्यंत नवं पाणी तापतच राहतं. २५ लिटरच्या, २००० वॅटच्या गिझरला २० अंशांवरून ६० अंशांवर जायला ३५ मिनिटांच्या आसपास लागतात. १५ लिटरच्या गिझरचं काम वीस-बावीस मिनिटांत होतं. वीज मोजणारा प्लग असेल तर एक दिवस आलेख बघा. गिझर सुरू केल्यापासून दोन हजार वॅटचा आकडा शून्यावर यायला जेवढा वेळ लागतो, तो तुमच्या गिझरचा खरा वेळ. पहिल्या अंघोळीच्या तेवढंच आधी सुरू करा आणि शेवटच्या बादलीच्या आधीच बंद करा. टाकीतलं गरम पाणी शेवटच्या माणसाला पुरतं.

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या घरी आणखी एक घोळ असतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, ॲपमधली वेळ मात्र तीच राहते. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात पहाटे साडेचारला पाणी तापतं आणि साहेब दहाला अंघोळीला उठतात. तिन्ही शिफ्टची वेगवेगळी वेळापत्रकं एकदाच करून ठेवा आणि रविवारी रात्री हवं ते चालू करा.

लाइट गेली आणि आली

लाइट परत आल्यावर प्लग कुठल्या स्थितीत यावा, याची सेटिंग बहुतेक ॲपमध्ये असते. ती "बंद" वर ठेवा. नाहीतर सकाळी सातला लाइट गेली, घर रिकामं झालं, अकराला लाइट आली आणि गिझर संध्याकाळपर्यंत चालू, असं होतं. ऑटो-ऑफही लावा, म्हणजे कुणी हाताने सुरू केला तरी ४५ मिनिटांनी बंद होईल. काही प्लग इंटरनेट नसलं की वेळापत्रक विसरतात. राउटर बंद करून एकदा तपासा.

इथे काटकसर नको

२००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. म्हणून प्लग १६ अँपिअरचाच हवा आणि तो थेट पॉवर पॉइंटमध्ये बसायला हवा. कन्व्हर्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड मध्ये घालू नका. पिन काळी पडली, प्लास्टिकचा वास आला किंवा प्लग हाताला चटका देण्याइतका तापला, तर सॉकेट सैल असू शकतं. वापर त्याच दिवशी थांबवा. गिझर लावला की आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर कॉइलमधून वीज झिरपत असू शकते. आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती घरातल्या माणसांच्या जिवासाठी आहे.

बिल वाचवायला थर्मोस्टॅट ४० अंशांवर आणण्याचाही मोह होतो. कोमट साठलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. ६० अंश ठेवा आणि बादलीत गार पाणी मिसळा. अंघोळीला लागणारी उष्णता तेवढीच राहते.

बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायटीत पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल, आतून कडकड आवाज येत असेल, तर कॉइलवर क्षार साचलेत. वेळापत्रक वाढवून उपयोग नाही, सर्व्हिसिंग करा. आणि टाकी रिकामी करून घेणार असाल, तर आधी ॲपमधलं वेळापत्रक बंद करा. रिकाम्या टाकीत पहाटे कॉइल सुरू झाली तर जळते.

गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर त्याचं वीज-बॅकअप रात्रभर चालू ठेवू नका. दिवसा ऊन फुकट तापवणार असतं, ते पाणी आपण रात्री पैसे देऊन आधीच तापवून ठेवतो. पहाटे नळाचं पाणी हाताने बघा आणि कमी पडलं तरच अर्धा तास बॅकअप द्या. महावितरणने टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार विजेचा वापर वेगळा मोजणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला सवलत सुरू केली आहे. घरी आजी-आजोबा असतील आणि त्यांची अंघोळ दुपारी होत असेल, तर त्यांच्या पाण्याची वेळ ९ नंतरच लावा.