सोल्यूशनशिवाय पंक्चर: सायकलच्या ट्यूबला स्टिकर पॅच कसा लावावा

रविवारी भल्या पहाटे गोत्री-सेवासीवरून सिंधरोटला, महीच्या काठापर्यंत सायकल मारणारे बडोद्यात आता बरेच झाले आहेत. त्या वेळी पंक्चरवाल्याची एकही टपरी उघडलेली नसते. काट्यांना मात्र सुट्टी नसते. पावसाळा सरला की कडेचा सराटा वाळतो आणि त्याची टोकदार बोंडं डांबरावर येऊन पडतात. वेड्या बाभळीचा, म्हणजे इथल्या गांडो बावळचा काटा तर बारमाही. अशा वेळी खिशात मावणारा स्टिकर पॅच कामाला येतो: साधारण इंचभर आकाराचा, पातळ, अर्धपारदर्शक चौकोन, मागे गोंद आणि गोंदावर सोलायचा कागद. सोल्यूशनची, म्हणजे रबर चिकटवायच्या पातळ डिंकाची नळी नको, वाळायची वाट बघणं नको.

पंक्चरवाले काका या पॅचला नाक मुरडतात आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. सोल्यूशनचा पॅच ट्यूबच्या रबराशी एकजीव होतो, ट्यूब ताणली की तोही ताणतो. स्टिकर फक्त चिकटलेला असतो आणि रबराइतका ताणत नाही. पण ट्यूब टायरच्या आत असताना हवाच त्याला आतून टायरवर दाबून धरते, म्हणून तो टिकतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतील.

जवळ काय हवं

पॅच, बोटभर पॉलिश पेपर, प्लास्टिकच्या दोन टायर लिव्हर (टायरची कड रिमवरून उचलायच्या पट्ट्या), हातपंप, बॉलपेन आणि इंजेक्शनच्या आधी पुसतात ते स्पिरिटचे स्वॅब. स्वॅब कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. त्याऐवजी हँड सॅनिटायझरचं जेल चालवून घेऊ नका; त्यातल्या ग्लिसरिनचा थर मागे राहतो आणि गोंद धरत नाही. पेट्रोल, रॉकेलचंही तेच. चाक नटाचं असेल तर पान्हा लागेल, क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडायच्या खटक्याचं असेल तर तोही नको.

चाक काढण्याआधी

हवा सावकाश जात असेल तर आधी वॉल्व बघा. बोटाला थुंकी लावून वॉल्वच्या तोंडावर धरायची. बुडबुडा आला तर बहुधा पंक्चर नाही, दोष वॉल्वचाच. साध्या देशी सायकलच्या वॉल्वमधली रबरी नळी, जिला आपण वॉल्व ट्यूब म्हणतो, ती कुजली की अशीच हवा जाते. नवी नळी चढवली की काम झालं. ट्यूब बाहेर काढून तासभर भोक शोधायचं आणि शेवटी कळायचं की नळीच फाटली होती, ही फजिती टाळलेली बरी.

वॉल्व ठीक असेल तर चाक काढा. आता टायर. उरलीसुरली हवा पूर्ण सोडा आणि टायर दोन्ही बाजूंनी दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवा. वॉल्वच्या बरोबर विरुद्ध बाजूला लिव्हर घाला. स्क्रू ड्रायव्हर घालायचा मोह होतो, पण त्याने एकाची दोन पंक्चरं होतात. एका बाजूची कड सुटली की ट्यूब ओढून घ्या, वॉल्व सगळ्यात शेवटी. टायर मात्र रिमवरून पूर्ण काढू नका आणि वॉल्व टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर होता ते बघून ठेवा. याचा उपयोग लगेच होणार आहे.

भोक सापडलं, आता काटा शोधा

ट्यूबमध्ये जरा जास्त हवा भरून ती गालाजवळून फिरवा. कानाला न ऐकू येणारी फुंकर गालाला लागते. घरी असाल तर पाण्याची बादली आहेच. भोक सापडलं की त्यावर बॉलपेनने मोठी फुली मारा, इतकी मोठी की मधला भाग घासून पुसला गेला तरी चार टोकं दिसत राहतील. फुलीवरच पॅचचा मध्य येणार.

ट्यूबवर भोक कुठे आहे त्यावरून ते कशाने पडलं ते कळतं. बाहेरच्या अंगाला एकच टोचा असेल तर काटा, काच किंवा तार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. आतल्या, रिमकडच्या अंगाला भोक असेल तर रिम पट्टी (रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकून स्पोकचं टोक लागलं असणार. पट्टी जागेवर न बसवता ट्यूब परत घातली तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा खाली बसाल.

काट्याच्या बाबतीत घाई करू नका. स्टिकर लावायला मिनिट लागतं, काटा शोधायला पाच मिनिटं दिली तरी चालतील, कारण दुसऱ्यांदा होणारं पंक्चर बहुतेक वेळा त्याच काट्याचं असतं. ट्यूब टायरच्या शेजारी तशीच धरा, वॉल्व मघाच्याच अक्षरासमोर. फुली जिथे येते तिथेच टायरमध्ये काटा. ट्यूब काढताना उलटसुलट झाली असेल तर वॉल्वच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच अंतरावर बघायचं. बाभळीच्या काट्याची खोड अशी की तो बाहेरून टायरच्या पातळीला तुटतो, वरून नुसता काळा ठिपका दिसतो आणि टोक आतून नखभरही वर आलेलं नसतं. आतून उघडं बोट फिरवलं तर तेच टोक बोटात जाईल. त्यापेक्षा जुन्या सुती रुमालाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे थांबा, टायर वाकवून ती जागा उलटी करा आणि काटा नेलकटरच्या चिमट्यात धरून ओढा. आतून निघत नसेल तर बाहेरच्या बाजूला ढकला. एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी करा. सराट्याच्या एका बोंडाला अनेक टोकं असतात.

पॅच लावणं

पहिलं काम, ट्यूबमधली सगळी हवा काढा. फुगलेल्या ट्यूबवर लावलेला पॅच हवा सोडल्यावर सुरकुततो.

फुलीभोवती पॅचपेक्षा थोडी जास्त जागा पॉलिश पेपरने हलकी घासा. नवीन ट्यूबच्या अंगावर साच्यातली पावडर आणि एक गुळगुळीत झिलई असते, ती जाऊन रबर मळकट काळं दिसू लागलं की पुरे. ट्यूबला साच्याची जी बारीक उभी रेघ असते ती पॅचखाली येत असेल तर बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासा. नाहीतर तिच्या दोन्ही कडांनी बोगदा राहतो आणि हवा तिथून निघून जाते. मग स्वॅबने पुसा आणि वाळू द्या. स्पिरिट उडायला फार वेळ लागत नाही. पावसात भिजला असाल तर आधी ट्यूब आणि हात दोन्ही खरोखर कोरडे करा. ओल्या रबरावर हा गोंद बसत नाही, तिथे कसलीच युक्ती चालत नाही.

कागद एका कोपऱ्यातून सोला. गोंदाला बोट लावू नका, कोपऱ्याला अगदी ओझरतं लागलं तेवढं चालेल. भोक बरोबर मधोमध येईल असा पॅच ठेवा. एकदा टेकला की उचलून सरकवायचा नाही. मधून कडांकडे अंगठ्याने दाबत जा, मग ट्यूब सायकलच्या दांड्यावर ठेवून लिव्हरच्या गोल पाठीने रगडा. कडा जास्त रगडा, सुटायला सुरुवात तिथूनच होते. मिनिटभर जोर लावलात तर पुरे.

आणि आता जे हात शिवशिवतात ते करू नका. पॅच धरला की नाही हे बघायला ट्यूब बाहेरच टम्म फुगवायची नाही. बाहेर फुगवली की रबर ताणतं, पॅच ताणत नाही, आणि नुकताच बसलेला गोंद कडेने सुटतो. स्टिकर पॅच टिकत नाहीत अशी ज्यांची तक्रार असते त्यांना आधी हे विचारून बघा. परीक्षा टायरच्या आतच घ्यायची.

परत बसवणं

ट्यूबला फक्त गोल होण्यापुरती हवा द्या. आधी वॉल्व भोकात, मग ट्यूब टायरच्या आत सरळ, कुठेही पीळ नको. टायरची कड वॉल्वच्या विरुद्ध बाजूपासून बसवायला घ्या आणि दोन्ही अंगठ्यांनी ढकलत वॉल्वपाशी संपवा. शेवटची वीतभर कड घट्ट वाटली तर लिव्हर लावण्याआधी बाकीचा टायर पुन्हा रिमच्या मध्यात दाबून बघा, जागा मिळते. मग वॉल्व एकदा आत ढकलून ओढा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. दोन्ही बाजूंनी टायर बाजूला सारत पूर्ण चाक बघा. ट्यूब डोकावत असेल तर हवा भरताक्षणी फट् आवाज येणार. निम्मी हवा, चाक फिरवून नजर, मग पूर्ण हवा. किती ते टायरच्या बाहेरच्या बाजूवर पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं. हातपंपाने तेवढी भरली गेली नाही तर घरी आल्यावर पूर्ण करा. कमी हवेत चिमटून पडणारी जोडभोकं मोठ्या पॅचलाही सहजी दाद देत नाहीत.

कुठे लावू नये

वॉल्वच्या बुडाशी फाटली असेल तर ट्यूब टाका. चिरा पॅचच्या बाहेर जात असतील, तरीही टाका. ट्यूबमध्ये पंक्चररोधक जेल भरलेलं असेल तर ते भोकातून झिरपत राहतं आणि पॅच धरत नाही. रंगीत, पातळ टीपीयूच्या (रबराऐवजी एका लवचिक प्लास्टिकच्या) ट्यूबला तिचेच पॅच लागतात, हे नाही.

माझं म्हणाल तर रस्त्यात स्पेअर ट्यूब घालावी आणि पंक्चर घरी येऊन निवांत काढावं. स्टिकर हा त्या स्पेअरलाही काटा लागला तर. किट मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि वर्षानुवर्षं सीटखालच्या पिशवीत पडलेले पॅच बदलून टाका, गोंद म्हातारा होतो. नंतर कधी त्याच भोकावर काकांकडून सोल्यूशनचा पॅच लावून घ्यायचा असेल तर तो स्टिकरवर लावू देऊ नका. आधी स्टिकर सोलून काढायचा, उरलेला गोंद घासून साफ करायचा आणि मग स्वच्छ रबरावर सोल्यूशन.