एसी थंड होत नाही म्हणून लगेच गॅस भरू नका: जुन्या ट्रकवाल्यांनो या चुका टाळा

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकला केबिनमधे एसी सक्तीचा झालाय. चांगलंच झालं, पण सांगली-मिरज-कराडात फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याच्या आधीच्या आहेत. आमची २०१२ ची सहाचाकी, सांगलीच्या मार्केट यार्डातनं हळद आणि तासगावातनं बेदाणा घेऊन पुण्याला जाते, एसी आम्ही नंतर बाहेरनं बसवून घेतलेला. एका उन्हाळ्यात मार्च ते मे तीनदा गॅस भरला राव, तीनदा पैसे दिले, आणि चौथ्या ठिकाणी एका पोरानं होज पाइपच्या जॉइंटवर बोट फिरवून दाखवलं, बोटाला तेल. तिथली ओरिंग, म्हणजे जॉइंटमधली रबरी रिंग, गेलेली, वीस रुपयांची.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच की थंड होईना म्हणजे गॅस संपला असं धरून चालायचं. एसीचा गॅस काय डिझेल नाही जळून संपायला, पाइपात बंद असतो आणि तोच तोच फिरतो. रबरी होजमधनं वर्षाकाठी थोडासा झिरपतो तेवढं सोडा, पण दोन-चार महिन्यांत कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोयच. गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइल पण बाहेर येतं त्यामुळं जिथं तेलकट होऊन धूळ चिकटलीय तो जॉइंट आधी बघा, साबणाचा फेस लावून बघा.

यात अजून एक फसवणूक होते, कधी मुद्दाम कधी नकळत. गाडी बंद असताना गेज लावतात आणि म्हणतात प्रेशर बरोबर आहे गॅस फुल्ल आहे. आर-१३४ए, म्हणजे गाडीच्या एसीत असतो तो गॅस, ३० डिग्रीला साधारण ९५-१०० पीएसआय दाखवणारच, सिस्टिममधे थोडासा जरी पाण्यासारखा द्रव झालेला गॅस शिल्लक असला तरी, मग तो निम्मा असो नायतर पूर्ण. घरातला गॅस सिलेंडर अर्धा झाला तरी शेगडी तशीच पेटते ना, तसंच. खरं रीडिंग इंजिन चालू, एसी फुल्लवर असतानाचं आणि तेही दोन्ही बाजूंचं, जास्त प्रेशरची आणि कमी प्रेशरची. आणि गॅस अंदाजानं नाही, ग्रॅमवर मोजून भरायचा, स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी कुलिंग कमीच होतं, वर कॉम्प्रेसरवर लोड.

एसीची लाइन एकदा खोलली की ड्रायर, म्हणजे ओल शोषणारी डबी, बदला, जुनाच परत बसवू नका कारण तो हवेतली ओल पिऊन बसतो. नंतर पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढायची, म्हणजे व्हॅक्युम, किमान अर्धा तास, पंप बंद करून काटा जागेवर राहतोय का तेही बघायचं. गॅरेजवाला पाच मिनिटं पंप लावून झालं म्हणाला तर तिथंच उभं राहून सांगा की थांबतो मी चहा पिऊन येतो. ओल आत राहिली की एक्सपान्शन व्हॉल्व्हमधे, म्हणजे गॅस जिथनं बारीक भोकातनं सुटून गार होतो तिथं, बर्फ धरतो आणि कुलिंग मधनंच गायब होतं. घरगुती सिलेंडरचा गॅस भरून देणारे महाभाग पण आहेत, तो पेट घेणारा गॅस आहे आणि केबिनमधे माणसं झोपतात, त्याच्या वाटेला जाऊच नका.

आता गॅसला हात न लावता बघायच्या गोष्टी, आणि निम्मं काम इथंच होतं. पुण्याकडनं येताना खंबाटकी चढताना एसी गरम हवा मारतो आणि घाट उतरून गाडी पळायला लागली की परत थंड, असं असेल तर दोष कंडेन्सरला, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, हवा न मिळण्याचा. गाडी उभी करून कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू सोडा, हवा लगेच थंड व्हायला लागली की समजायचं जाळी चोक आहे नायतर फॅन फिरत नाही. ऊस वाहणाऱ्या गाड्यांत तर पाचटाचा भुगा आणि चिखल मिळून जाळीवर लिंपण होतं. धुताना आतल्या बाजूनं बाहेर, साध्या पाइपनं. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गननं जवळनं मारलं की पात्या आडव्या होतात आणि होती ती हवा पण बंद, ही चूक मी स्वतः केलीय.

तासभर मस्त चालतो आणि मग बंद पडतो, याची कारणं दोन आणि लोक दोन्हीत गल्लत करतात. बंद पडल्यावर केबिनमधल्या जाळीतनं येणारी हवाच कमी झाली असेल तर आत कुलिंग कॉइलवर बर्फ जमलाय, एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा, खाली पाणी टपकायला लागेल. कॉइलचा सेन्सर बघा, फिल्टर असेल तर तोही. पण हवा जोरात आहे आणि गरम आहे, तर खाली उतरून कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारी चकती, बघा, टक करून चिकटतोय का. जुना क्लच झिजून गॅप वाढतो, गरम झाला की क्लचची चुंबकाची कॉइल त्याला ओढू शकत नाही, गार झाल्यावर परत चालतो. शिम, म्हणजे मधली पातळ चकती, काढून गॅप कमी करता येतो, लगेच नवीन कॉम्प्रेसर घ्यायची गरज नसते. क्लच कॉइल बदललीच तर व्होल्ट बघून घ्या, १२ ची कॉइल २४ च्या गाडीत जळणारच. आणि फ्यूज उडतोय म्हणून तारेचा तुकडा घालणाऱ्यांना काय बोलायचं.

ब्लोअर फक्त फुल्ल स्पीडला चालतो? स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय, मोटर नाही. क्लीनरच्या पायाशी पाणी येतंय? ड्रेन पाइप तुंबलाय.

आणि जुन्या गाडीत इंजिन केबिनच्या खालीच असतं, त्या इंजिन कव्हरचा फोम फाटलेला, गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, दाराचे रबर गेलेले, मग एप्रिलच्या उन्हात एसी कितीही चांगला असू दे तो पुरणार कसा? आम्ही आधी हे सगळं बुजवलं, फरक लगेच कळला.

हीटरकडं आपल्याकडं कुणी बघतच नाही. गाडी गरम होते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकतो आणि आपण पण बरं म्हणतो. मग डिसेंबरात महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी भरायला गेलं की हीटर कोमट, कारण इंजिनच पुरतं तापत नाही, आणि डिझेल जास्त खातं ते वेगळंच. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका, क्षारांनी हीटरची बारीक नळी बुजते, कूलंटच घाला, आणि भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा म्हणजे हवा अडकत नाही. उलट उन्हाळ्यात हा कॉक नीट बंद होत नसेल तर गरम पाणी आत फिरत राहतं आणि बोल एसीला बसतो. काचेवर चिकट वाफ आणि केबिनमधे गोडसर वास म्हणजे हीटर गळतोय, तेव्हा दोन पाइप जोडून हीटर बायपास करून देतात, तात्पुरतं ठीक, पण कायमचं नको. पावसात पाटण-कोयनेकडं काच धुरकटते तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे, एसी हवेतली ओल काढतो आणि काच पटकन साफ होते. थंडीत पण आठवड्यातनं एकदा दहा मिनिटं एसी चालवा, नायतर कॉम्प्रेसरचं सील वाळून तिथनं गळती सुरू होते.

राहिली गोष्ट झोपेची. साखर कारखान्यावर गव्हाणीच्या, म्हणजे ऊस टाकायच्या जागेच्या, नंबराला रात्रभर थांबायचं असतं तेव्हा काही जण इंजिन चालू ठेवून, काचा लावून एसीत झोपतात. सायलेन्सरचा जॉइंट फुटलेला असेल तर धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जाग येत नाही. आम्ही इंजिन बंद करतो आणि २४ व्होल्टचा छोटा पंखा लावतो, खडखड करतो लेकाचा, पण झोप लागते.