स्किमर उतू गेला तर आधी एटीओ बंद करा

रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) लावून चार-सहा महिने झालेल्यांसाठी हे लिहितेय. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण कपात काढणारं उपकरण) काय करतो, सम्पमध्ये (टँकखालच्या कप्प्यांच्या टाकीत) कुठला कप्पा कशासाठी असतो हे तुम्हाला माहितीये असं धरून चालते. एटीओ म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारी यंत्रणा. माझ्याकडे त्या रात्री जे झालं ते तुमच्याकडे होऊ नये एवढंच मनापासून वाटतं.

माझी सिस्टिम सम्प धरून साधारण 250 लिटरची. एका संध्याकाळी तीन-चार फ्रॅग (प्रवाळांचे छोटे तुकडे) इपॉक्सीने दगडावर चिकटवले, सगळं नीट दिसत होतं, झोपले. सकाळी पाय खाली ठेवला तर फरशी ओली. रोज कप काढून ओतायचा कंटाळा म्हणून मी कपाची ड्रेन नळी बाहेर 5 लिटरच्या कॅनमध्ये सोडली होती, तो कॅन भरून रात्रभर वाहत होता. आणि त्यात नेहमीचं काळपट, वास मारणारं पाणी नव्हतंच, चक्क टँकचं स्वच्छ पाणी होतं. मी काय केलं, तर फरशी पुसली आणि स्किमरचा व्हॉल्व्ह इकडून तिकडे फिरवत बसले, यात वीसेक मिनिटं गेली. मग स्टँडच्या मागून घरघर ऐकू आली. एटीओचा पंप कोरडा चालत होता. आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरलेला 25 लिटरचा आरओ पाण्याचा कॅन पूर्ण रिकामा. रिफ्रॅक्टोमीटर लावला तर 35 पीपीटीची (हजार भागांत 35 भाग मीठ) सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, 32 वर आलेली, झोआ (बटणासारखे मऊ प्रवाळ) सगळे मिटलेले.

हे कसं झालं ते सावकाश सांगते, कारण मला स्वतःला कळायला दोन दिवस लागले. स्किमरच्या कप्प्याला बॅफल (मधली आडभिंत) असतो, त्यामुळे तिथली पातळी कायम तेवढीच राहते, आणि ती तशी राहावी म्हणूनच आपण बॅफल लावतो. पाणी कमी झालं की ते दिसतं फक्त रिटर्न पंपाच्या (पाणी परत वर टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात, आणि एटीओचा सेन्सर पण तिथेच असतो. आता स्किमर खारं पाणी बाहेर फेकतोय, रिटर्नची पातळी उतरतेय, एटीओला वाटतं बाष्पीभवन झालं, तो गोडं पाणी सोडतो, पातळी परत वर. स्किमरला यातलं काहीच जाणवत नाही, त्याच्या कप्प्यात पाणी होतं तेवढंच आहे, तो फेकतच राहतो. हे चक्र आरओचा कॅन संपेपर्यंत थांबत नाही. एकही उपकरण बिघडलेलं नव्हतं, प्रत्येक जण आपापलं काम बरोबर करत होता, आणि टँकमधलं जवळपास दहा टक्के मीठ फरशीवर गेलं.

म्हणून स्किमर उतू जाताना दिसला की पहिला हात एटीओच्या प्लगला. मग स्किमर बंद. फरशी नंतर.

आणि नवीन असाल तर ड्रेन नळी लावूच नका, कपाचं ड्रेनचं तोंड बुचाने बंद ठेवा. कप भरून वाहिला तर घाण परत सम्पमध्ये पडेल, पाणी दोन दिवस गढूळ दिसेल, पण सॅलिनिटी जागेवर राहील. नळी हवीच असेल तर कॅनमध्ये फ्लोट स्विच बसवा आणि तो स्किमरची वीज तोडेल असा जोडा. आरओचा कॅनही मोठा नको. माझ्याकडे दिवसाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उडतं, आता मी 10 लिटरचाच कॅन ठेवते. तो सारखा भरावा लागतो, भरते.

इपॉक्सीने फेस वेडा होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वॉटर कंडिशनर, औषधं, कोरल डिपचं (प्रवाळ बुडवून धुवायच्या औषधाचं) पाणी चुकून टँकमध्ये गेलं तरी तेच. अशा दिवशी स्किमर बंद ठेवा किंवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाणी नेकच्या (कपाखालच्या अरुंद भागाच्या) बरंच खाली आणा आणि कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) चालवा. एखाद दिवस स्किमर नसल्याने काही बिघडत नाही, फक्त पृष्ठभाग हलता ठेवा, ऑक्सिजनसाठी. नवा कोरा स्किमर पण पहिला आठवडा-दोन आठवडे असाच वागतो, घाबरून बदलायला जाऊ नका.

उलटा प्रकार पण असतो. टँकमध्ये हात घातला किंवा तेलकट फूड टाकलं की फेस एकदम बसतो. आपल्याला वाटतं स्किमर मंदावला, आपण व्हॉल्व्ह आवळतो, काही तासांनी फेस परत येतो आणि रात्री कप भरून वाहतो. खायला घातल्यावर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. एरवी पण एका वेळी अगदी थोडंसं फिरवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बघत बसा.

पातळीबद्दल थोडक्यात. तुमच्या मॉडेलच्या कागदावर जी खोली दिलीये तीच धरा, रिटर्न पंप चालू असताना पट्टीने मोजा, पाणी जास्त असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचा स्टँड ठेवून स्किमर उचला. एक सेंटीमीटरनेही फरक दिसतो. लाईट गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, लाईट आल्यावर स्किमर त्याच वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि मिनिटभरात कप भरतो, त्यामुळे स्किमर रिटर्नच्या पाच-दहा मिनिटं नंतर चालू होईल असा डिले टायमर लावा. फीडिंगसाठी रिटर्न बंद करत असाल तर स्किमर आधी बंद.

मला दोन जणांनी सांगितलं की मोठा स्किमर घे, प्रश्नच मिटेल. माझं स्पष्ट मत, हा सल्ला ऐकू नका. दोघांपैकी एकानेही माझा सम्प बघायला मागितला नव्हता. तिसऱ्याने फोटो मागितला, सेन्सर कुठल्या कप्प्यात आहे ते विचारलं, आणि दहा मिनिटांत सगळं उलगडून दाखवलं. असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

आणि झालंच असं कधी, तर घाईने मीठ ओतू नका, ही चूक पहिल्यापेक्षा महागात पडते. मी एटीओच्या कॅनमध्ये आरओऐवजी 35 चं खारं पाणी भरलं. जेवढं उडेल तेवढं तेच आत जातं, रोज साधारण अर्धा पीपीटी वाढतं. सहा-सात दिवस लागले, रोज सकाळी मोजत होते. झोआ तिसऱ्या दिवशी अर्धे उघडले, एक फ्रॅग गेला, बाकी सगळे आहेत. 35 दिसल्यावर कॅन धुऊन परत आरओ भरायला विसरू नका, नाहीतर तीच सॅलिनिटी पुढे चढत जाते.