मासिक वर्गणी नसलेला ऑनलाइन गेम किती टिकेल, हे सुरुवातीलाच कसे पारखावे

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमच्या जगात २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि महिन्याला सुमारे पंधरा डॉलर वर्गणी हा जणू शिरस्ताच ठरला. वर्गणी नसलेला गेम म्हणजे चार महिन्यांचा खेळ, असा समज त्या काळी सर्रास होता. २८ एप्रिल २००५ रोजी आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’ने त्याच समजाविरुद्ध पैज लावली: एकदा विकत घ्या, नंतर महिन्याला काही देऊ नका. त्या गेमचे सर्व्हर वीस वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहेत. तेव्हा असा गेम खेळाडूला दीर्घकाळ गुंतवून ठेवू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे. अडचण एवढीच की प्रत्येक गेमबाबत ते खरे ठरत नाही, आणि सहा महिन्यांच्या रात्री खर्ची पडल्यावर ते कळून काही उपयोग नसतो. म्हणून पारख आधी करावी.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहून खेळणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरूनच सुरुवात करावी, ती म्हणजे आपण बारा महिने सलग खेळणार नाही. दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी जोरात असते, केळीचे घड उतरू लागले की गाडी भरेपर्यंत घरात कोणाला उसंत नसते, विद्यार्थ्यांच्या मागे विद्यापीठाच्या परीक्षा असतात आणि लग्नसराईत तर संध्याकाळ आपली राहतच नाही. वर्गणीच्या गेममध्ये अशा महिन्यांचेही पैसे जातात, किंवा वर्गणी बंद करून पुन्हा सुरू करण्याचा व्याप करावा लागतो. वर्गणी नसलेल्या गेमची खरी सोय इथेच आहे. त्यामुळे एखादा गेम रोज किती वेळ धरून ठेवतो यापेक्षा दोन-तीन महिन्यांच्या खंडानंतर तो आपल्याला कसा परत घेतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने दिल्या आहेत.

पैसा कोठून येतो, हे आधी शोधावे

सर्व्हर, कलाकार आणि प्रोग्रामर यांचा खर्च कोणीतरी भरतच असते. गेम उतरवण्याआधी त्याच्या दुकानाचे पान उघडून तेथे काय विकले जाते, हे शांतपणे वाचावे. गेमच्या जाहिरातीत जे सांगत नाहीत ते या पानावर कळते.

सर्वांत स्वच्छ पद्धत म्हणजे मूळ गेम एकदा विकणे आणि नंतर वर्ष-दोन वर्षांनी मोठी भर घालून ती वेगळी विकणे. ‘गिल्ड वॉर्स’ने असेच केले, आणि २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ने तोच मार्ग धरला. २०१५ पासून त्याचा मूळ भाग फुकट आहे. पैसे एक्सपान्शनचे, म्हणजे अशा मोठ्या भरीचे, घेतले जातात. केळीच्या बागेत मूळ झाड कापल्यावर त्याच्याच मुळाशी पिलबाग धरतात, तसे हे आहे: नवी लागवड नाही, पण नवे पीक आहे, आणि पीक आले नाही तर मालकालाही काही मिळत नाही. कंपनीला पुढचा भाग विकायचा असल्याने तो घेण्याजोगा बनवावा लागतो. मधल्या काळात तुम्ही रोज यावे, अशी तिला तितकी गरज नसते.

दुसरी पद्धत सोय विकण्याची आहे. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने मार्च २०१५ मध्ये सक्तीची वर्गणी काढली, पण ऐच्छिक वर्गणी ठेवली आणि कच्चा माल अमर्याद साठवण्याची पिशवी वर्गणीदारांनाच दिली. ज्याला वस्तू बनवण्याची हौस आहे, त्याची साधी पिशवी काही आठवड्यांतच भरून वाहू लागते आणि मग खेळण्यापेक्षा आवराआवरीत वेळ जातो. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा गेम फुकट आहे आणि त्यात ताकद विकत मिळत नाही, हे खरे; तरी सामान ठेवण्याचे खास कप्पे विकत न घेता तो वर्षानुवर्षे खेळणे जिकिरीचे आहे. माझ्या मते ही पद्धत वाईट नाही, फक्त तिचा हिशेब आधीच करून ठेवावा: कप्प्यांचे पैसे एकदा द्यावे लागतात, पिशवीचे मात्र महिन्याला, आणि या दोहोंत बराच फरक आहे.

तिसऱ्या पद्धतीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ‘फुकट’ हा शब्द तिथे सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला ‘गेनशिन इम्पॅक्ट’ दिसायला देखणा आहे आणि त्याची कथा एक पैसाही न देता पूर्ण खेळता येते. मात्र नवी पात्रे सोडतीतून मिळतात. एका सोडतीला प्रायमोजेम नावाच्या गेममधील चलनाचे १६० नग लागतात आणि पंचतारांकित पात्र मिळण्याची हमी ९० सोडतींनंतर असते, म्हणजे वाईटात वाईट स्थितीत १४,४०० प्रायमोजेम. आणि इतके करून जे पात्र मिळेल ते जाहिरातीतलेच असेल, अशी खात्री पहिल्या खेपेला नसते. या हिशेबाशेजारी तेथे विकले जाणारे तीस दिवसांचे कार्ड ठेवून पाहावे. ते घेतल्यावर ३०० क्रिस्टल (एकास एक प्रायमोजेममध्ये बदलता येणारे) लगेच मिळतात आणि पुढे रोज ९० प्रायमोजेम मिळतात, परंतु ज्या दिवशी गेम उघडला नाही त्या दिवसाचे ९० बुडतात. एकही दिवस न चुकवणाऱ्याला महिन्याअखेर ३,००० पडतात, म्हणजे अठरा सोडती आणि थोडी चिल्लर. वर्गणीच्या गेमने पैसे घेऊन निदान हवे तेव्हा खेळण्याची मुभा दिली होती. हे कार्ड पैसेही घेते आणि हजेरीही. भरीला बक्षिसे घेताना खर्चावी लागणारी रेझिन नावाची शक्ती दर आठ मिनिटांना एक या गतीने २०० पर्यंत भरते आणि तिथे थांबते, म्हणजे साधारण सत्तावीस तासांत गेम उघडला नाही तर पुढचे वाया जाते. हा गेम खेळू नये, असे माझे म्हणणे नाही. वेचणीच्या दिवसांत ज्याला गेम उघडता येणार नाही त्याने कार्ड घेऊ नये, हे मात्र निश्चित सांगावेसे वाटते.

शेवटच्या लेव्हलनंतर काय उरते

बहुतेक गेम लेव्हल वाढवण्याच्या आमिषावर पहिले काही आठवडे सहज चालतात. कसोटी त्यानंतर लागते. पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये कमाल लेव्हल केवळ २० होती आणि ती लवकर गाठता येत असे. नवख्याला तिथेच गेम संपल्यासारखा वाटे, पण खरा खेळ तेथून सुरू होई. हजाराहून अधिक स्किल्समधून एका वेळी फक्त आठ सोबत नेता येत आणि शहराबाहेर पाऊल टाकले की ती बदलता येत नसत. कोणती आठ न्यायची, सोबत्याने नेलेल्या आठांशी त्यांचा मेळ कसा बसवायचा आणि समोरचा शत्रू कोणत्या स्किलला घाबरतो, या विचारातच माणसे वर्षे रमली. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये कमाल लेव्हल ८० आहे; २०१२ पासून अनेक एक्सपान्शन आले तरी ती वाढवलेली नाही. याचा परिणाम असा की पाच वर्षांपूर्वी मिळवलेले सर्वोच्च दर्जाचे चिलखत आजही त्या दर्जाचेच असते. वर्गणीच्या गेममध्ये सहसा दर नव्या एक्सपान्शनला जुनी शस्त्रे भंगारात जातात आणि सगळे पुन्हा मिळवावे लागते. वर्गणी चालू राहण्यासाठी ते उपयोगी असेलही, पण खंड घेणाऱ्याला ते परवडत नाही.

म्हणून एक चाचणी करून पाहावी. निवडलेला गेम दोन-तीन आठवडे मनापासून खेळावा आणि नंतर मुद्दाम महिनाभर बंद ठेवावा. हा महिना परीक्षेचा किंवा हंगामाचा निवडला तर वेगळा निग्रहही करावा लागत नाही. परत आल्यावर पात्र जिथे सोडले होते तिथे उभे आहे का, आपली साधने अजून चालतात का, स्क्रीनवर किती लाल ठिपके ‘हे चुकले, ते चुकले’ म्हणून खुणावतात आणि त्यांतील किती गोष्टी पैसे देऊन भरून काढा असे सुचवले जाते, हे टिपून ठेवावे. पहिल्या अर्ध्या तासात खेळावेसे वाटले नाही आणि केवळ बुडलेल्या बक्षिसांची चुटपुट लागली, तर तो गेम आपल्यासाठी नाही.

सर्व्हर, घड्याळ आणि वीज

या बाबी किरकोळ वाटतात, पण खानदेशातून खेळणाऱ्याचा उत्साह बहुधा इथेच मावळतो. ‘गिल्ड वॉर्स २’चे सर्व्हर-विभाग उत्तर अमेरिका आणि युरोप हे आहेत, भारतात एकही नाही. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, युरोपसाठी दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास आणि अमेरिकेसाठी दोनशेच्या वर राहतो, असे धरून चालावे. कथा आणि भटकंतीला तो पुरतो, खेळाडूंविरुद्धच्या लढतीत मात्र जाणवतो. ‘अल्बियन ऑनलाइन’चा एक सर्व्हर सिंगापूरला आहे, शिवाय तो साध्या मोबाइलवर चालतो, त्यामुळे ज्याच्याकडे गेमिंगचा संगणक नाही त्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

घड्याळाचा विचार तर फारच थोडे जण करतात. युरोपातील खेळाडू संध्याकाळी सात वाजता जमू लागतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. उलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा जळगावात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगाव पट्ट्यात गच्चीवर झोपणारा माणूस त्या वेळी उठलेलाच असतो आणि तेवढा एकच प्रहर काय तो गार असतो, त्यामुळे पिंग जास्त असूनही अमेरिकन सर्व्हर सोयीचा पडू शकतो. ‘गिल्ड वॉर्स २’ची रोजची कामेही नेमकी पहाटे साडेपाचलाच नव्याने सुरू होतात.

विजेसाठी राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा आणि शक्यतो लॅपटॉपवर खेळावे. दहा जणांच्या रेडमध्ये, म्हणजे गटाने मिळून लढायच्या अवघड मोहिमेत, मध्येच दिवे गेले तर नऊ अनोळखी माणसांचा खोळंबा होतो आणि पुढच्या वेळी ती बोलावत नाहीत. डेटाची फारशी चिंता करू नये. गेम उतरवतानाच काय तो मोठा खर्च होतो, नंतर खेळताना लागणारा डेटा व्हिडिओच्या मानाने नगण्य असतो.

सोबत कोणाची

ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झालेल्या ‘मड’ या जुन्या मजकुरी गेमचे एक निर्माते रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: यश गोळा करणारे, जग धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. आपण कोणत्या प्रकारात बसतो, हे प्रामाणिकपणे ठरवावे. यश गोळा करणाऱ्याची ओढ नवी भर संपली की ओसरते, आणि वर्गणी नसलेल्या गेममध्ये दोन एक्सपान्शनमधला दुष्काळ अनेकदा लांबतो. माणसांसाठी येणाऱ्याला तो दुष्काळ फारसा जाणवत नाही.

त्यामुळे एकट्याने सुरुवात करू नये. चोपड्याचा एक, शहाद्याचा एक, पाचोऱ्याचा एक असे तिघे-चौघे मिळाले तरी पुरे. व्हॉइस कॉलवर “थांब रे भो, लाइट गयी” एवढे म्हटले तरी ज्यांना पुढचे सांगावे लागत नाही, असे सोबती परदेशी गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या खेळाडूंच्या संघात, मिळत नाहीत. मोठी गिल्डही जोडावी, पण तिथे हजेरीचे नियम काय आहेत ते आधी विचारावे. ‘तीस दिवस गैरहजर तर बाहेर’ असा नियम असेल तर आपल्या हंगामाशी त्याचा मेळ बसणार नाही.

फुकट झाला म्हणून गेम वाचेल, या भरवशावर कोणी राहू नये. ‘वाइल्डस्टार’ जून २०१४ मध्ये वर्गणीसह आला, चाळीस जणांच्या रेडचा अवघड खेळ त्याने अभिमानाने मांडला, सप्टेंबर २०१५ मध्ये तो फुकट झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडला. ‘गिल्ड वॉर्स’ची प्रकाशक एनसीसॉफ्ट हीच त्याचीही प्रकाशक होती. आधी वर्गणी घेणारा आणि नंतर घाईने ती सोडणारा गेम दिसला की गेल्या वर्षभरातील अपडेटच्या नोंदी वाचाव्यात: नवी ठिकाणे आणि कथा येत आहेत की केवळ दुकानातील नवे कपडे, यावरून पुष्कळ कळते.

घरच्यांना शंका असेल तर त्यांना सांगावे की २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर, आणि प्रवेशाचे शुल्क देऊन खेळायचे साधे गेम त्यात येत नाहीत. तरीही वर्षाची एक रक्कम ठरवावी आणि गेमच्या दुकानात कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे जोडून ठेवू नये. खाते कायम वापरात राहील अशा ईमेलवर उघडावे, कॉलेजच्या ईमेलवर नव्हे. दुहेरी पडताळणी ज्या मोबाइल क्रमांकावर असेल ते सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये. खरेदीची पावती आणि सीरियल की कागदावर उतरवून ठेवावी, कारण काही वर्षांनी पासवर्ड विसरून परत येणाऱ्याकडे खात्याच्या मालकीचा पुरावा म्हणून सपोर्ट विभाग बहुधा तीच मागतो.