स्पेलचेकरने दाखवलेल्या चुकांवर कीबोर्डवरील कळीने कसे जावे

लांब मजकूर तपासताना वेळ दुरुस्तीत फारसा जात नाही. तो स्पेलचेकरने चुकीच्या शब्दाखाली ओढलेली पुढची लाल रेघ शोधत पाने सरकवण्यात जातो, आणि नुसत्या डोळ्यांनी शोधले की एखादी रेघ हमखास सुटते. म्हणून एका चुकीवरून थेट पुढच्या चुकीवर नेणारी कळ हाताला बसवून घ्यावी.

त्याआधी मजकुराला योग्य भाषा लागू केली आहे का आणि त्या भाषेचा शब्दकोश बसवलेला आहे का, हे पाहावे; नाहीतर शब्दागणिक रेघ उमटते किंवा तपासणी मुळीच होत नाही. वारंवार येणारी विशेषनामे व पारिभाषिक शब्दही आधीच वैयक्तिक शब्दकोशात घालावेत, म्हणजे कर्सर खऱ्या चुकांवरच थांबेल. मराठीत मात्र येथे जास्त कष्ट पडतात, कारण ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द घातला तरी ‘सॉफ्टवेअरमधील’, ‘सॉफ्टवेअरचा’ ही रूपे बहुधा वेगळी घालावी लागतात.

आता मजकुराच्या आरंभी कर्सर ठेवावा. विंडोजवरील वर्डमध्ये आल्ट आणि एफ ७ एकत्र दाबल्यास कर्सर पुढच्या चुकीवर जातो व पर्यायांची यादी उघडते. लिबरऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये एफ ७ दाबल्यावर तपासणीची खिडकी उघडते. तीच चूक अनेकदा आली असेल, तर तेथील ‘सर्व दुरुस्त करा’ हा पर्याय वापरावा. व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या संपादकात आधी स्पेलचेकरचे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) बसवावे लागते. त्यानंतर एफ ८ ही कळ चुकीवरून चुकीवर नेते, परंतु ती इतर फायलींतही शिरते. चालू फाइलपुरतेच राहायचे असल्यास आल्ट आणि एफ ८ वापरावे.

व्हिम या कळांच्या आज्ञांवर चालणाऱ्या मजकूर-संपादकात तपासणी चालू केल्यावर उजवा चौकटी कंस व एस दाबल्यास पुढची चूक, तर डावा कंस व एस दाबल्यास मागची चूक मिळते. झेड आणि बरोबरचे चिन्ह दाबले की पर्याय दिसतात; झेड व जी दाबल्यास शब्द शब्दकोशात जातो. कीबोर्ड मराठीवर असेल तर या आज्ञा सहसा चालत नाहीत, त्यामुळे तो आधी इंग्रजीवर आणावा.

घाईत चुकीचा शब्द शब्दकोशात गेला, तर त्यावर पुन्हा रेघ येणार नाही. व्हिममध्ये झेड, यू, जी या कळांनी, तर इतरत्र वैयक्तिक शब्दकोश उघडून तो काढून टाकावा. ‘दीन’च्या जागी ‘दिन’ पडले असेल, तर दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कोणतीही कळ तेथे थांबत नाही. अशा जोड्यांसाठी मजकूर शेवटी एकदा स्वतः वाचावाच लागतो.