कॅमेऱ्याची नवी बॉडी घेताय? कपाटातली जुनी लेन्स आधी बाहेर काढा

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्यायला गेलं की दुकानात लगेच सोबतची नवी लेन्स पुढे येते. ती घेण्याआधी घरची जुनी लेन्स तपासून बघा.

आपल्याकडे, समुद्राच्या हवेत, पहिली शंका बुरशीची. रात्री दिवा मालवा, लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर रिंग (उजेडाचं छिद्र लहानमोठं करणारी कडी) सर्वांत लहान आकड्यावर आणा, म्हणजे छिद्र पूर्ण उघडेल, आणि मागून टॉर्च तिरकी मारा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. धुळीचे चार कण फोटोत उमटत नाहीत, ते सोडून द्या. बुरशी मात्र काचेवरचा लेपच खाते. माझी एक ५० मिमीची लेन्स चामड्याच्या पाउचमध्ये दोन पावसाळे पडून अशीच गेली. चामडं ओल धरून ठेवतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

लेन्स स्वच्छ निघाली की अडॅप्टर बघायचा. जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, आरशासाठी जागा लागायची, म्हणून लेन्स सेन्सरपासून (फोटो टिपणाऱ्या चिपपासून) लांब बसायची : निकॉनच्या एफ माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या कडीला, ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४. आरसा गेला आणि हे अंतर मिररलेसच्या निकॉन झेड माउंटमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २० मिमीवर आलं. साधा अडॅप्टर म्हणजे मधलं अंतर भरणारी नळी. आत काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा घटत नाही.

ऑटोफोकसचं मात्र विकत घेण्याआधी विचारून घ्या. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर आरएफ बॉडीला ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. म्हणून स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स चालतात, पण बॉडीच्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी हातानेच फोकस कराव्या लागतात.

पूर्ण मॅन्युअल लेन्स लावली की काही बॉडी शटरच सोडत नाहीत. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ असा पर्याय असतो, तो चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय असेल तर लेन्सचा मिमी आकडा स्वतः भरा. फोकस पीकिंगही लावा, त्यात फोकसमध्ये आलेल्या कडा स्क्रीनवर रंगीत दिसतात.

सरावाला हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळी लिलाव उत्तम. तिथे दर वेळी फोकस फिरवत बसलात तर हातवारे निसटतात. फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर ३५ मिमीची लेन्स अ‍ॅपर्चरच्या एफ/८ आकड्यावर ठेवा, अंतर ३ मीटरवर लावा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. मग फक्त माणसं बघायची.

वाळूवर लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो आणि वाऱ्यात मीठही असतं. बदलायचीच झाली तर आडोशाला जा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. घरी आल्यावर लेन्सचं बाहेरचं अंग किंचित ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक : काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जूनपासून दर आठवड्याला डबा उघडून तेवढा काटा बघत जा.