सॅल्मन-स्टीलहेडच्या नदीवर गाईड घेऊन जाताय? या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की सिॲटलच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो: "पुढच्या वीकेंडला सॅल्मन पकडायला जायचंय, एखादा गाईड सुचवा ना." पहिली चूक या प्रश्नातच आहे. सुट्टी आधी ठरते आणि मासा नंतर. करायला हवं ते बरोबर उलटं: आधी मासा, मग नदी, आणि तारीख सगळ्यात शेवटी.

वॉशिंग्टन राज्यात चिनूक हा सॅल्मन बहुतेक उन्हाळ्याच्या शेवटापासून नद्यांत चढू लागतो. कोहो, हाही सॅल्मनच, साधारण सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. पिंक सॅल्मनचे मोठे थवे प्युजेट साउंडच्या, म्हणजे सिॲटलच्या खाडीला मिळणाऱ्या, नद्यांत फक्त विषम वर्षांत येतात, त्यामुळे सम वर्षी पिंकसाठी तारीख धरण्यात अर्थ नाही. हिवाळी स्टीलहेड डिसेंबर ते एप्रिल. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड मुळात एकाच जातीचे. समुद्रात जाऊन वाढून परत येतो तो स्टीलहेड.

पुण्याहून आलेल्या आई-बाबांना जूनमध्ये न्यायचं असेल तर सॅल्मनचा हट्ट सोडा आणि एलन्सबर्गजवळ याकिमा नदीवर ट्राउटसाठी बोट घ्या. उन्हाळ्यात तिथे शेतीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडतात, प्रवाह जोरात असतो, म्हणून काठावरून पाण्यात उतरण्यापेक्षा बोटच बरी. मासा मात्र पकडून सोडून द्यायचा. तळायला मिळणार नाही हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दिवसभर तोंड पाडून बसतील.

ॲडव्हान्स देण्याआधी न विचारलेले प्रश्न

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑलिम्पिक द्वीपकल्पावर, फोर्क्स गावाच्या आसपास वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात, म्हणजे ऐन स्टीलहेडच्या मोसमात. एका रात्रीत नदी फुगून चहाच्या रंगाची होते. 'हो' नावाची नदी माउंट ऑलिम्पसच्या हिमनद्यांतून येते, त्यामुळे ती उन्हाळ्यातल्या कडक उन्हानेसुद्धा राखाडी होते. शेजारची सोल डक नदी त्या मानाने लवकर निवळते. म्हणून विचारा: नदी गढूळ झाली तर दुसऱ्या नदीवर नेणार का? तारीख बदलून देणार का? की पैसे बुडाले? उत्तर लेखी घ्या. भाव माणशी आहे की बोटीचा, तेही विचारा. ड्रिफ्ट बोटीत, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या वल्ह्यांच्या बोटीत, बहुधा दोघंच गळ टाकतात, चौघांची टोळी एका बोटीत मावत नाही. गाईडकडे राज्याचा परवाना आहे ना, हे विचारायला संकोच नको. आणि पंधरा-वीस टक्के टिप बजेटमध्ये धरा, तिथे तशी रीत आहे.

आदल्या आठवड्यात नदीच्या पातळीचा आलेख स्वतः बघा. यूएसजीएस या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं मोजमाप सगळ्यांना फुकट दिसतं. पातळी हळूहळू उतरत असेल आणि पाण्याला हिरवट झाक असेल, तर तो दिवस सोडू नका.

परवाना गाईड काढेल ही समजूत

नाही काढत. वयाची १५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो. वार्षिक परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो. मार्चमध्ये घेतलात तर महिनाभरही टिकणार नाही. पाहुण्यांसाठी एक ते तीन दिवसांचे परवाने मिळतात. सॅल्मन आणि स्टीलहेडसाठी कॅच रेकॉर्ड कार्डही लागतं, आणि ठेवलेल्या माशाची नोंद त्यावर तिथल्या तिथे करायची, संध्याकाळी मोटेलवर नव्हे. ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या हद्दीतल्या नद्यांना राज्याचा परवाना लागत नाही, पण ते कार्ड तिथेही लागतं. क्विनॉल्ट जमातीच्या राखीव प्रदेशात तर त्यांचाच गाईड घ्यावा लागतो.

नियम मोसमाच्या मध्येही बदलतात. आमिषाला बंदी येते, नदीचा एखादा पट्टा बंद होतो. डिसेंबर २०२० मध्ये तर किनारपट्टीच्या नद्यांवर बोटीत बसून गळ टाकायलाच मनाई झाली होती. निघण्याच्या आदल्या रात्री मत्स्यखात्याच्या साइटवरचे तातडीचे नियम वाचा. गाईडला माहीत असतीलच, पण चूक झाली तर दंड तुमच्या नावाने फाटतो.

बोटीत बसल्यावर

सगळ्यात सामान्य घोटाळा हिसक्याचा. तरंगता फ्लोट पाण्याखाली गेला की लगेच रॉड उचलायची, इथे विचार करत बसलात तर मासा आमिष थुंकून मोकळा. पण प्लग, म्हणजे माशासारखं दिसणारं नकली आमिष, ओढत असताना नेमकं उलटं. रॉड स्टँडमध्ये असते, तिचं टोक दोनदा थरथरतं, आणि नवखा माणूस झडप घालून ती उपसतो. मासा अजून चाखतोच आहे. रॉड कमानीसारखी वाकून रिळाची दोरी सुटू लागेपर्यंत हात मांडीवर ठेवा.

काहीच लागत नसेल तर आमिष बदलण्याआधी दोरी बघा. वरचं पाणी तळापेक्षा वेगाने वाहतं. दोरीला प्रवाहाच्या दिशेने पोट आलं की ती फ्लोटला ओढत नेते, आणि तळाशी असलेली आमिषाची गाबोळी अनैसर्गिक वेगाने पळते. रॉडच्या टोकाने दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. मग खोली तपासा. अधूनमधून शिसं तळाला टेकल्याचं जाणवलं पाहिजे. कधीच जाणवत नसेल तर तुम्ही माशांच्या डोक्यावरून गळ नेताय.

मासा उसळला की रॉड खाली झुकवा, रीळ मुठीत आवळू नका.

फोटोच्या नादात

जाळीत आलेला मासा जंगली की हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून नदीत सोडलेला, हे आधी बघायचं. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, नखाएवढा मांसल पर असतो. हॅचरीत तो कापतात, त्या जागी भरून आलेला व्रण दिसतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली. जंगली स्टीलहेड सोडायचाच असतो, आणि सोडायचा सॅल्मन किंवा स्टीलहेड नदीतून पूर्ण बाहेर काढणंही बेकायदा आहे. छातीशी कवटाळून काढलेला फोटो म्हणजे नियमभंगाचा पुरावाच, तोही तुम्हीच सोशल मीडियावर टाकलेला. जाळी पाण्यात, हात ओले, मासा अर्धा पाण्यात, असा फोटो घ्या. प्युजेट साउंडचा स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा ही कटकट उगाच नाही.

घरी नेताना

ठेवायची परवानगी असली तरी काळवंडलेला, अंगावर लाल-हिरवे पट्टे उठलेला सॅल्मन नेऊ नका. अंडी घालायला निघालेल्या माशाने खाणं सोडलेलं असतं, मांस पांढरट आणि भुसभुशीत होतं. कितीही मालवणी मसाला घाला, उपयोग नाही. चकचकीत मासा ठेवलात तर लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि बर्फात घाला. बर्फाची पेटी न नेणारे दरवर्षी भेटतात. सुशी करायची असेल तर आधी उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवा, कारण सॅल्मनमध्ये कृमी असतात. घरच्या फ्रीजरची थंडी तेवढी असतेच असं नाही, थर्मामीटर ठेवून बघा.

घरात कुत्रा असेल तर त्याला कच्च्या सॅल्मनचा किंवा ट्राउटचा तुकडा, डोकं, आतडी काहीही देऊ नका. या भागातल्या माशांतल्या एका परजीवीतून कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो. चुकून खाल्लंच, तर उलट्यांची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरला फोन करा.